कोबाल्टची खोली आणि पोचा पडलेला पेला

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सकाळीच दार वाजवलं. चेहरा गंभीर. म्हणाले, आपल्या लाइनीवर आता अणुभट्टीची वीज येणार असं ग्रुपवर फिरतंय, तर लहान मुलांच्या डोक्यावरचे बल्ब काढून घ्यायला लावू का? मी त्यांना आत बसवलं, चहा दिला. म्हटलं, भट्टीत पाणी तापवतात, वाफ करतात, वाफेनं चाक फिरवतात, चाकानं वीज. कोळशाच्या भट्टीत तेच, फक्त जाळायचं वेगळं. तारेतून येताना वीज आपला गाव सांगत नाही. त्यांचं समाधान झालं, पण पूर्ण नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "तरी पण काकू, एकदा तुमच्या त्या मशिनीनं बल्ब चेक केला असता तर बरं होतं."

ते किरणं मोजायचं मशीन माझं नव्हे, इस्पितळाचं, आणि मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पण सोसायटीत मी अजून 'रेडिएशनवाल्या काकू'च आहे. मायक्रोवेव्हपासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मी कुणाला हसत नाही. म्हणजे तोंडावर हसत नाही. कारण ह्या विषयात सगळ्यात मोठा मूर्खपणा सोलापुरात कुणी केला असेल तर तो मी केला आहे, आणि तोही पगार घेऊन.

मी कर्करोगाच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात यंत्र चालवायची. आधी थोडे दिवस एक्स-रे, मग सगळी नोकरी कोबाल्टवर. कोबाल्ट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाड भिंतींची खोली, आत जायला नागमोडी बोळ, कारण किरणांना वळण घेता येत नाही. आत एक पलंग आणि वर मोठं डोकं असलेलं यंत्र. त्या डोक्यात शिसं भरलेलं आणि शिशाच्या पोटात अंगठ्याएवढी कोबाल्टची डबी. माणसाला पलंगावर निजवायचं, जिथं गाठ आहे तिथं नेम धरायचा, आपण बाहेर यायचं, दार लावायचं, बटण दाबायचं. डबी आतल्या आत सरकून भोकासमोर येते, ठरलेली मिनिटं थांबते, परत शिशात जाते. आम्ही बाहेर टीव्हीवर बघत बसायचो आणि माइकवरून सांगायचो, हलू नका, झालंच. दुखत नाही, दिसत नाही, वास नाही. आमच्याकडची माणसं त्याला 'शेक' म्हणायची.

शेक म्हटल्यावर गिऱ्हाइकं तशीच येणार. एक आजी रोज उतरताना म्हणायच्या, एवढं मशीन चालू केलंयच तर जाता जाता गुडघ्यालाबी थोडा मारा की. नवी पेठेतले एक साड्यांचे दुकानदार बायकोला घेऊन यायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, रविवारी मशीन रिकामंच असतं ना, रेशमी साड्यांचे दोन गठ्ठे आत ठेवले तर कसर मरेल का? मी म्हटलं कसर मरेल, पण नोकरीही मरेल माझी.

आता माझं.

मी लागले तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेली. आमच्या बनसोडे घरातली पहिली सून जी नोकरीला जाते, आणि तीही अणूच्या खात्यात. खातं अणूचं नव्हतं, ट्रस्टचं होतं, पण मी सांगताना तसंच सांगायची. आम्हाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो. तीन महिने लावायचा, मग तो तपासणीला जातो आणि तुमच्या अंगावर किती किरणं पडली ते कळतं. तो बिल्ला ड्युटी संपल्यावर खोलीच्या बाहेरच्या फळीवर ठेवायचा असतो. मी तो बारशाला लावून गेले आहे. एका मावशींनी विचारलं, हे कशाचं पदक गं? मी म्हटलं, अणुशक्तीचं. त्यांनी तो हात लावून बघितला आणि हात पदराला पुसला. मला तेही आवडलं.

ही बाई दिवसा अशी मिरवायची आणि संध्याकाळी घरी आली की थरथरायची. मला वाटायचं किरणं म्हणजे गिरणीतल्या कापसाच्या धुळीसारखी असतात, केसात बसतात, लुगड्यात बसतात. रोज आल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ. चपला जिन्यात. माझी मुलगी तेव्हा वर्षाची. ती रांगत यायची आणि मी पाय मागे घ्यायची. साडी बदलल्याशिवाय तिला उचलायची नाही. आणि माझा कप वेगळा केला होता. निळ्या काठाचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, तो मीच विसळायचा, मीच पालथा घालायचा.

सासरे गिरणीतून निवृत्त झालेले. फार बोलायचे नाहीत. महिनाभर त्यांनी ते बघितलं. एक दिवस मी चहा ओतला, तर त्यांनी माझा कप उचलला आणि प्यायला सुरुवात केली. मी ओरडले, मामा, त्यात किरणं असतील. ते घोट घेत म्हणाले, "लहानपणी गावच्या हाटेलात आमचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच धुवायचा. तवाबी कायतरी लागतंय असंच सांगायचे. माझ्या घरात वेगळा कप नगं." आणि कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "लागली किरणं तर मला लागू देत."

कप बंद झाला. पण शहाणपण आलं का? घरातून गेलं आणि इस्पितळात जाऊन बसलं.

त्याचं असं झालं. त्याच सुमाराला मला आठवडाभर मुंबईला शिकायला पाठवलं होतं. तिथं एका मोठ्या इस्पितळात वेगळीच खोली होती. गळ्यातल्या ग्रंथीच्या आजारासाठी काही जणांना किरणांचं औषधच प्यायला देतात. औषध पोटात गेलं की काही दिवस त्या माणसाच्या अंगातून, घामातून, लघवीतून किरणं येत राहतात. म्हणून त्याची खोली वेगळी, ताट वेगळं, लहान मुलांना भेट नाही. हे बरोबरच आहे. ते पाहून मी भारावले. सोलापूरला परत आले आणि आमच्या कोबाल्टच्या लोकांनाही तेच सांगायला लागले. पलंगावरून उतरताना हळूच सांगायची: ताट-पेला वेगळा ठेवा, पोरांना जवळ घेऊ नका, निजायला वेगळी खोली बघा. डॉक्टरांच्या कानावर कधी गेलं नाही. लोक मान डोलवायचे. डॉक्टर जे सांगत नाहीत ते ही बाई सांगते, म्हणजे हिला जास्त माहीत आहे. मला पण तसंच वाटायचं.

फरक किती साधा आहे ते आता पाचवीतल्या पोराला सांगते. बॅटरीचा झोत भिंतीवर मारला आणि बॅटरी विझवली, तर भिंत उजेड देत बसत नाही. कोबाल्टचा शेक हा झोत आहे. यंत्र बंद, खेळ खलास. औषध प्यायलेल्या माणसानं मात्र बॅटरीच गिळलेली असते, तिचे सेल संपेपर्यंत ती आत पेटलेली राहणार. मी भिंतीला बॅटरीचे नियम लावत बसले होते.

सात-आठ महिने हे चाललं. मग एका तिमाहीला माझ्या बिल्ल्याचा निकाल भलताच वर आला. पत्र आलं, चौकशी आली. मी मरणार अशी माझी खात्री झाली. यंत्राच्या हिशोबाला त्या वेळी एक म्हातारे फिजिक्सचे सर होते, त्यांच्यापुढे मी रडत उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. रोजची आंघोळ, मुलीला न उचलणं, निळा कप. सर आधी हसले, कारण त्यांना कळलं होतं की मी बिल्ला अंगावर लावायच्या ऐवजी खोलीच्या आतल्या खुंटीवर विसरून जात होते. शेक बिल्ल्यानं खाल्ला होता, मी नाही. मलाही हायसं वाटलं आणि भरात बोलून गेले, मी पेशंटलाही सांगते ना सगळं नीट. सरांचं हसू थांबलं. काय सांगतेस, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी किरणं मोजायचं मीटर आणलं, शेक घेऊन बाहेर आलेल्या एका गड्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या अंगावरून फिरवलं. मीटर जेवढं भिंतीपाशी वाजत होतं तेवढंच त्याच्यापाशी वाजलं.

त्या दिवसापासून मी ते सांगणं बंद केलं. लगेच आणि गुपचूप. ज्यांना सांगून झालं होतं त्यांना कुणालाही पत्र लिहिलं नाही, निरोप धाडला नाही. त्यांचे पत्ते रजिस्टरमध्ये होते. रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. मी मनाला सांगितलं, लोक कशाला लक्षात ठेवतात.

मधे तीस वर्षं गेली. यंत्र दोनदा बदललं. म्हातारे सर गेले, त्यांच्या जागी एक-दोघे येऊन शेवटी येमूलसर आले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला मुलगा, माझ्या मुलीच्या वयाचा, पण मी सरच म्हणायची. माझी निवृत्ती वर्षावर आली होती तेव्हा शिवलीला आली.

तिशीची, मैंदर्गीची. स्तनाची गाठ काढलेली, औषधाची इंजेक्शनं झालेली, आता शेकाच्या पंचवीस फेऱ्या. तीन वर्षांची मुलगी होती, गौरी. नवरा मल्लिनाथ रोज मोटारसायकलवर अक्कलकोटपर्यंत आणि तिथून एसटीनं घेऊन यायचा. मुलगी कधी दिसली नाही. मी एकदा विचारलं, लेकीला आण की एखाद दिवस, बघू तरी. शिवलीलानं यंत्राकडे बघत सांगितलं, "ती माझ्याकडं येत न्हाय आता. सवय मोडली तिची."

मी ते ऐकलं, आणि सोडून दिलं. पुढचा पेशंट उभा होता.

अकरा फेऱ्या झाल्या आणि बुधवारी ती आली नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी मल्लिनाथचा फोन लागला, तो म्हणाला ती येत न्हाय म्हणते, अंगातली किरणं पोरीला लागतील म्हणून, आई पण म्हणते बास झालं. इथं अडचण अशी असते की शेक म्हणजे रोज थोडं थोडं मारायचं. मधे खंड पडला तर गाठीचं मूळ परत जोर धरतं आणि आधीचं केलेलं वाया जातं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी आली तर अजून सावरता येईल. पुढं ढकललं तर मी काही सांगू शकत नाही.

रविवारी मी आणि येमूलसर त्यांच्या गाडीतून मैंदर्गीला गेलो. रजिस्टरवर सही करून त्यांनी मीटर बरोबर घेतलं होतं. मुलाच्या शाळेच्या दप्तरात.

घर पेठेच्या मागच्या अंगाला होतं. बाहेर एलईडीच्या माळांची वेटोळी आणि जनरेटर, कारण मल्लिनाथ लग्नांना लाइटिंग पुरवतो. सासू गंगव्वा साठीची, कपाळावर विभूती, नजर सरळ. बसा म्हणाल्या. पाणी आलं. मला कोणत्या पेल्यातून पाणी देतात हे मी बघते, ती घरची सवय आहे. घरातलाच पेला होता, सगळ्यांचा. शिवलीला मात्र अंगणाच्या कडेला, पत्र्याच्या शेडच्या दारात उभी होती. आत तिचं अंथरूण दिसत होतं, उशाला ताट आणि एक पोचा पडलेला स्टीलचा पेला. गौरी मल्लिनाथच्या पायाला धरून होती. आईकडे बघत होती, जात नव्हती.

माझं बॅटरीचं आणि भिंतीचं सांगून झालं. गंगव्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिची कातडी काळी पडलीया. आत ऊन हाय म्हणून तर भाजतंय." मी म्हटलं उन्हात फिरून आपण काळे पडतो, म्हणून आपल्याजवळ बसलेल्याला ऊन लागतं का? त्या म्हणाल्या, "बोलायला तुमी हुशार हाय." तेव्हा येमूलसरांनी दप्तर उघडलं.

मीटर सुरू केलं की टक्, टक् असं सावकाश वाजतं. येमूलसरांनी समजावलं, हे सगळीकडं वाजतं, मातीत, दगडात, आभाळातून, केळ्यात, तुमच्या-आमच्या अंगात थोडं असतंच, त्यात जगूनच माणूस म्हातारा होतो. अंगणात वाजवलं. पायरीच्या दगडापाशी वाजवलं. गौरीपाशी वाजवलं, ती हसली. मग शिवलीलापाशी. तिनं डोळे मिटून घेतले होते. टक्, टक्. तेवढंच. मल्लिनाथनं कान पुढं करून दोनदा ऐकलं.

"अंथरुणापाशी बघा," गंगव्वा म्हणाल्या.

येमूलसर शेडमध्ये शिरले आणि मीटर धावायला लागलं. टकटकटकटक. गंगव्वांनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, तीस वर्षांची नोकरी झालेली ही बाई त्या क्षणाला एक पाऊल मागे सरकली. मनात आलं, हे काय आता.

येमूलसर अंथरुणाकडे वळले तर आवाज कमी झाला. वर फळीकडे हात नेला तर वाढला. फळीवर जुन्या गॅसबत्त्या ओळीनं ठेवलेल्या होत्या आणि बाजूला एक खोका. खोक्यात गॅसबत्तीच्या जाळ्यांची पाकिटं. मल्लिनाथच्या वडिलांचा धंदा तो, लग्नाच्या वरातीला, जत्रेला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायच्या. जाळी पांढरीशुभ्र पेटावी म्हणून तिला जे लावतात त्यात थोरियम असतं, आणि थोरियम किरणं सोडतं. येमूलसरांनी एक पाकीट अंगणात आणून मीटरखाली धरलं. त्या घरात किरणं सोडणारी वस्तू एकच होती, चाळीस वर्षं फळीवर होती, आणि सुनेला नेऊन तिच्याखाली निजवलं होतं.

मल्लिनाथ लगेच म्हणाला खोका विहिरीत टाकून येतो. त्याला आवरण्यात आमची पंधरा मिनिटं गेली. पाकिटात बंद आहे तोवर त्यानं काही होत नाही, जाळी जाळताना धूर नाकात घ्यायचा नाही, हात धुवायचे, बस. एक भीती काढायला गेलं की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसते, हे ह्या धंद्यातलं नेहमीचं.

गंगव्वा जोत्यावर बसून होत्या. मीटर बंद झालं तेव्हा म्हणाल्या, "मग तवाचं मशीन येगळं होतं का?"

मी विचारलं, कधीचं?

त्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या घशाला झालं होतं. मल्लिनाथ पाच वर्षांचा होता. सोलापूरला शेक दिला होता, आमच्याच इस्पितळात. एक बाई होती, पोरसवदा, छातीवर बिल्ला लावलेली. तिनं पलंगावरून उतरवताना सांगितलं होतं, ताट-पेला वेगळा ठेवा, पोराला जवळ जाऊ देऊ नका, वेगळी खोली बघा. "तसंच केलं मी सगळं," गंगव्वा म्हणाल्या. "ह्याच शेडात. त्यांचा आवाज गेलेला. काय लागलं तर चमच्यानं पेला वाजवायचे. मी उंबऱ्यापासनं ताट सरकवायची." दोन महिन्यांनी ते गेले. आजारानंच गेले, ते वाचणारे नव्हते.

मी शेडमधल्या त्या पेल्याकडे बघितलं. एकाच जागी पोचा होता.

"तुमीच होता न्हवं त्या?" गंगव्वा म्हणाल्या. त्यांना माहीत होतं. बहुतेक मी दारातून आत आले तेव्हापासून माहीत होतं.

आता इथं मला एक उत्तर तयार होतं. होय, तेव्हाचं यंत्र वेगळं होतं, जुनं होतं, आता सुधारलंय. यंत्र खरोखरच दोनदा बदललेलं. येमूलसर खाली बघून दप्तराचा पट्टा लावत होते, ते मधे बोलणार नव्हते. असं म्हटलं असतं तर गंगव्वांनी तीस वर्षांपूर्वी जे केलं ते बरोबर ठरलं असतं. मीही सुटले असते. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आज एक यंत्र अंगात किरणं ठेवून जायचं असं कबूल केलं, तर उद्या सकाळी ही सुनेला दुसऱ्या यंत्राखाली कशाला पाठवेल?

मी म्हटलं, "यंत्र तेव्हाही असंच होतं, गंगव्वा. तुमच्या मालकांच्या अंगात काही नव्हतं. मी चुकीचं सांगितलं. नंतर मला कळलं, तेव्हा येऊन सांगायला पाहिजे होतं. आले नाही."

मल्लिनाथ वायर गुंडाळत होता. गुंडाळून झालेली वायर त्यानं सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

गंगव्वा उठल्या. मला वाटलं आता बाहेर काढतील, आणि ते बरोबर झालं असतं. त्या शेडमध्ये गेल्या. अंथरूण गोळा करून काखेत घेतलं, ताट-पेला हातात घेतला, अंगण ओलांडून घरात गेल्या आणि मधल्या खोलीत अंथरूण टाकलं. परत आल्या, गौरीला मल्लिनाथच्या पायापासून सोडवलं आणि शिवलीलाच्या हातात दिलं. "धर," एवढंच म्हणाल्या. गौरी आधी रडली. आईची सवय मोडली होती ना. शिवलीलानं एका बाजूनं तिला धरलं, कारण दुसरी बाजू अजून भाजत होती, आणि तशीच उभी राहिली.

माझ्याकडे न बघता गंगव्वांनी विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

उरलेल्या चौदा फेऱ्यांना त्या स्वतः आल्या. मल्लिनाथला कामाला पाठवलं, सुनेला आणि नातीला घेऊन एसटीनं यायच्या. शिवलीला आत गेली की बाकावर गौरीला मांडीवर घेऊन बसायच्या. माझ्याशी एक अक्षर बोलायच्या नाहीत. पण बाकावर नवीन माणूस दिसलं, कुणी माळशिरसकडचं, कुणी कर्नाटकातलं, की मराठीत नाहीतर कानडीत त्याला सांगायच्या, आणि माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "ह्या बाई काय सांगतील ते दोनदा इचारा. एकदा ह्यांना, एकदा डाक्टरला." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आमच्या वॉर्डबॉयला राग यायचा. मी म्हटलं बोलू दे, आख्ख्या इस्पितळात नियम एवढाच धड आहे. पुढं निवृत्तीपर्यंत मी स्वतःच सांगायला लागले, मला विचारलंत ना, आता डॉक्टरांनाही विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही त्या दिवशी तेच म्हटलं. त्यांना वाटलं मी टाळते आहे.

जुनी रजिस्टरं मी त्या वर्षी काढली. त्या सात-आठ महिन्यांची नावं उतरवून घेतली. बहुतेक कुणी उरलेलं नव्हतं. ज्यांच्या घरचे सापडले त्यांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली. त्यांतल्या एकानं लिहिलं होतं की आता कळवून काय उपयोग.

शिवलीलाची पंचविसावी फेरी झाली तो मंगळवार होता. ती कपडे बदलून बाहेर आली. गंगव्वांनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि एकच पेला. शेडमधला, पोचा पडलेला. आधी शिवलीलाला दिला. ती अर्धा प्यायली. गौरीनं मधे तोंड घातलं, दोन घोट ओढले, हनुवटीवर सांडले. मग गंगव्वांनी घेतला. त्यांनी प्यायच्या आधी तो थोडा वेळ कानाशी धरला, मुलं शंख धरतात तसा. मग प्यायल्या.

परत भरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यापुढं केला.

"घ्या," म्हणाल्या. "वाजत न्हाय."

मी घेतला. पोचा बरोबर अंगठ्याखाली आला.